टाच, चवडा आणि पोलादाची पट्टी

[दृश्य : नवी पेठ, सोलापूर. कापडदुकानाचा काउंटर]

नवी पेठेतील दुकानांत गिऱ्हाइकांपुढे साड्या उलगडणाऱ्या मुली दिवसाचा बराचसा वेळ उभ्याने काढतात, आणि त्यांतील काही जणींच्या पायांत उंच टाचेच्या सँडल असतात.

[दृश्य : रस्त्याकडेचा कारागीर, हातात उसवलेली सँडल]

कारागीर रापीच्या टोकाने आतले अस्तर उचलतो, तेव्हा वापराची खूण उघडी पडते. टाचेखालचा ठसा फिकट आहे. अंगठ्याच्या मुळाशी मात्र काळपट, खोल खळगा पडला आहे. अनवाणी उभे राहिल्यावर शरीराचा निम्म्याहून अधिक भार टाचांवर असतो. टाच उचलली गेली की तो चवड्याकडे सरकतो आणि उंचीबरोबर चवड्यावरचा दाब वाढत जातो.

अस्तराखाली पोलादाची अरुंद, बाकदार पट्टी दिसते; तिला शँक म्हणतात. टाच आणि चवडा यांच्यामधला तळ जमिनीला टेकतच नाही, त्याला ही पट्टीच तोलून धरते, आणि ती सैल झाली की पायाची कमान आधाराला मुकते. टाचेची बैठक फार उतरती असेल तर पाऊल पुढे घसरते आणि निमुळत्या टोकात बोटे दाटतात. हा दोष घालणारीच्या सवयीचा नसून सँडल ज्या फर्म्यावर, म्हणजे पावलाच्या आकाराच्या साच्यावर, बेतली त्या फर्म्याचा आहे, हे इथे स्पष्टपणे सांगितले पाहिजे.

[दृश्य : बाजूने, चालताना]

घोटा सतत खाली वळलेला राहतो, पोटरी आखडते, गुडघा किंचित वाकलेला राहतो. हार्वर्डच्या संशोधकांनी १९९८ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात मांडलेल्या मोजमापांत उंच टाचेमुळे गुडघ्यावरचा ताण वाढल्याचे आढळले. कमरेचा बाक वाढतोच, असे सर्रास म्हटले जाते. मोजमापे मात्र तसे एकमुखाने सांगत नाहीत. चवड्याची आग, अंगठ्याचा वाकलेला सांधा, पोटरीचे आखूड झालेले स्नायू ही पुढची दुखणी.

[दृश्य : पुन्हा कारागीर]

सँडलची मालकीण टाच बोटभर कापून मागते. कारागीर नकार देतो, कारण शँकचा बाक त्याच उंचीसाठी दिलेला असतो आणि टाच एवढी कापली तर पुढचे टोक वर उचलले जाऊन तोल मागे जातो. तो नवी पट्टी बसवतो, चवड्याखाली मऊ गादी चिकटवतो आणि सँडल तिच्या हाती देतो.