स्क्रीनशॉट अन् साक्षीपुरावा

नमस्कार श्रोतेहो. परवा इतवारीतले ओळखीचे एक व्यापारी फाइल घेऊन आले. आत व्हॉट्सॲप संदेशांच्या रंगीत प्रिंट. "वाचा नं वकीलसाहेब, गड्यानं उधारी कबूल केली आहे!" मी विचारलं, मोबाइल कुठं आहे? "तो तर एक्स्चेंजमध्ये देऊन टाकला."

पंचाईत इथंच आहे. आपला जुना पुरावा कायदा १८७२ चा. त्याला अस्सल कागद कळे, नक्कल कळे. संगणकातल्या मजकुराचं अस्सल कोणतं म्हणायचं? ऑक्टोबर २००० मध्ये माहिती तंत्रज्ञान कायदा लागू झाला, तेव्हा पुरावा कायद्यात ६५ ब हे कलम घातलं गेलं. प्रिंट चालेल, पण ती कोणत्या यंत्रातून, कशी काढली याचं सहीचं प्रमाणपत्र जोडा.

हे प्रमाणपत्र हवंच का, यावर सर्वोच्च न्यायालय स्वतःच पंधरा वर्षं झुलत राहिलं. २००५ मध्ये नसलं तरी चालेल, २०१४ मध्ये हवंच, २०१८ मध्ये पुन्हा सूट. निकाल लागला २०२० मध्ये, आपल्याच जालन्याच्या निवडणुकीवरून. उमेदवारी अर्ज वेळेत आला की नाही, हे सरकारी कार्यालयातल्या चित्रीकरणावरून ठरायचं होतं, अन् अधिकारी प्रमाणपत्र देईनात. न्यायालय म्हणालं, प्रमाणपत्र हवंच. पण मागूनही मिळत नसेल, तर ते आणवण्यासाठी कोर्टाकडे अर्ज करा. अन् मूळ यंत्रच मालकानं साक्षीला येऊन हजर केलं, तर प्रमाणपत्राची गरज नाही.

१ जुलै २०२४ पासून जुन्या पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला. आता प्रमाणपत्राचे दोन भाग: एक तुमचा, दुसरा तज्ज्ञाचा. शिवाय फाइलचं हॅश मूल्य लिहायचं. हॅश म्हणजे फाइलचा अंगठाच समजा. आत एक स्वल्पविराम हलला तरी तो बदलतो. कल्पना झकास आहे. पण चाळीस हजारांच्या उधारीसाठी दुकानदारानं तज्ज्ञ कुठून आणावा? मला हा भार जास्तच वाटतो.

आमच्या व्यापाऱ्यांचं नशीब बरं. तेच संदेश त्यांच्या मुनीमजींच्या मोबाइलवरही आले होते, ग्रुपमध्ये. मुनीमजींना बोलावलं. ते खुर्चीवर टेकलेसुद्धा नाहीत, मोबाइल खिशात घट्ट धरून दारातूनच विचारते झाले, "कोर्ट किती दिवस ठेवून घेईल, साहेब?"