गंगथडीच्या काठावरचे पाणमांजर

पैठणपासून नांदेडपर्यंत खेड्यापाड्यांत गोदावरीला आजही गंगाच म्हणतात आणि तिच्या दोन्ही तीरांवरच्या मुलखाला गंगथडी. या मुलखात नदीचा विषय निघाला की तो पाण्याचाच असतो. नाथसागरात, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयात, किती टक्के साठा आहे आणि कालव्याला पाळी कधी सुटणार. पाणमांजराचा विचार करताना मात्र आधी काठ पाहावा लागतो.

पाणमांजर म्हणजे उदमांजर नव्हे. उदमांजर झाडावर चढते. पाणमांजर मासे खाऊन जगते आणि त्याच्या बोटांमध्ये पडदे असतात. भारतात त्याच्या तीन जाती आहेत आणि दख्खनच्या रुंद, संथ नद्यांना मानवते ती मऊ केसांची, कुटुंबाने राहणारी जात. अंग वाळवायला वाळू किंवा खडक, विष्ठेने हद्द राखायला ठरलेल्या जागा आणि पिलांसाठी दरडीतले, झाडाच्या मुळांतले किंवा कपारीतले बीळ, एवढे त्याला जमिनीवर लागतेच. सुमारे दोन महिन्यांच्या गर्भकाळानंतर जन्मणाऱ्या पिलांचे डोळे मिटलेले असतात आणि त्यांना पोहणेही शिकावे लागते; त्यामुळे ती बिळात असताना पाणी एकाएकी चढणे घातक ठरते.

गंगेवर तर बंधाऱ्यांची रांगच आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालानुसार नांदेड जिल्ह्यातल्या बाभळी बंधाऱ्याचे दरवाजे १ जुलै ते २८ ऑक्टोबर या काळात उघडे ठेवावे लागतात. ते पुन्हा बंद होऊन पाणी चढते तो हंगाम पावसाळा सरल्याचा, म्हणजे पाणमांजराच्या विणीच्या जवळचा. बाभळीची तारीख हलणार नाही. परंतु जिथे वेळापत्रक आपल्या हाती आहे, तिथे पाणी टप्प्याटप्प्याने अडवता येईल.

काठाचे काम याहून अवघड आहे. नाथसागराचे पाणी ओसरले की उघड्या पडलेल्या जमिनीत अगदी पाण्याच्या कडेपर्यंत गाळपेर होते, आणि वाळूचा उपसा करणारी यंत्रे दरडच पोखरतात. नांगराच्या शेवटच्या तासापलीकडे काही पावलांचा पट्टा न नांगरता सोडणे, तिथे करंज, उंबर, जांभूळ, वाळुंज आणि लव्हाळे वाढू देणे, एवढीच सुरुवात पुरेशी आहे. बाहेरून आलेली वेडी बाभूळ सरसकट तोडावी, असा आग्रह अनेकदा धरला जातो. तो घाईचा वाटतो; एका उन्हाळ्यात सगळी तोडली तर दरड उघडी पडते आणि आडोसाही जातो. देशी झाडे डोक्याएवढी झाली की मग वेडी बाभूळ थोडी थोडी काढावी.

भोई बांधवांना या कामातून वगळून चालणार नाही. तंगुसाचे, म्हणजे नायलॉनच्या दोऱ्याचे, जाळे फाटले की नुकसान त्यांचे होते आणि जाळ्यात अडकून गुदमरले तर पाणमांजर मरते. २०२२ च्या दुरुस्तीनंतर हा प्राणी वन्यजीव कायद्याच्या पहिल्या, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या, अनुसूचीत आला आहे. तरीही रात्रभर जाळे कोणत्या डोहात सोडू नये, हे त्यांच्याशी बसूनच ठरवावे लागते.

काम लागू पडले की नाही, हे खडकांवर समजते. पाणमांजराची ताजी विष्ठा ओली, खवल्यांनी भरलेली आणि माशांच्या उग्र वासाची असते. जुनी झाली की ती पांढरट पडते आणि बोट लावताच तिचा चुरा होतो.