रंग नंतर, आधी भिंत वाळू दे

(ऑगस्ट. सदाशिव पेठेतला जुना वाडा, तळमजला. बाहेर पाऊस. एक हात भिंतीवरून सावकाश फिरतोय.)

ही भिंत बघा. सकाळपासून पावसानं धरलंय, अंगणात पाणी साचलंय, तरी हात फिरवला तर हाताला भुगा लागत नाही, बोटानं ठोकलं तर आवाज भरीव येतोय. मागच्या वर्षी याच दिवसांत आम्ही हिला नवा रंग दिला होता, गणपती यायच्या आत घर छान दिसावं म्हणून, फिकट पिवळा, आईनं निवडलेला. दसऱ्यापर्यंत फोड आले. दिवाळीत कोनाड्यात पणती ठेवायला गेले तर रंगाचा पापुद्रा हातात आला, चांगला तळहाताएवढा.

फक्त आमच्याच घरात हे झालं असं नाही. पुण्यात रंगकाम निघतं ते गणपतीच्या आधी नाहीतर दिवाळीच्या आधी, पाहुणे येणार असतात, बोनसचे पैसे हातात असतात, सगळं समजू शकते मी, पण जून ते सप्टेंबर भिंत पाणी पीत असते आणि ती सगळ्यात जास्त भिजलेली असते नेमकी तेव्हाच आपण तिच्यावर रंग चढवतो. आताचे बहुतेक इमल्शन रंग म्हणजे वाळल्यावर ॲक्रिलिकचा, म्हणजे एक प्रकारच्या प्लास्टिकचा, पातळ पडदाच असतो. ऑक्टोबरचं ऊन लागलं की आतलं पाणी बाहेर यायला बघतं, वाट बंद, मग ते रंगालाच ढकलून निघतं. फोड येतो तो असा. पेंटरमामांनी काम वाईट केलेलं नव्हतं आणि डबा पण चांगल्यातलाच होता.

म्हणून पडदे, शेल्फ, रंगाची शेड, ते सगळं आहे पुढे, पण आधी पाणी कुठून येतंय ते बघू.

(भिंतीवर चिकटवलेला प्लास्टिकचा चौकोन.)

हे पहिलं काम, खर्च जवळपास शून्य. भिंत कोरड्या ब्रशनं झाडून घ्यायची, एक फूट बाय एक फूट पारदर्शक प्लास्टिक लावायचं, चारही बाजूंनी टेप, हवा जाता कामा नये. एक-दोन दिवस तसंच ठेवायचं. मग बघायचं, पाण्याचे थेंब प्लास्टिकच्या आतल्या बाजूला, म्हणजे भिंतीकडच्या बाजूला दिसले तर ओल भिंतीतून येतेय. थेंब खोलीकडच्या बाजूला असतील तर भिंतीचा दोष नाही, ती खोलीतल्या दमट हवेची ओल आहे, कपडे आत वाळत घातलेले, खिडक्या बंद, कपाट भिंतीला टेकलेलं. अशा ठिकाणी कपाट चार इंच पुढे ओढा आणि दिवसातून दोनदा खिडक्या समोरासमोर उघडा, बाकी काही करायला लागत नाही बऱ्याचदा.

आमच्या तीन भिंती ओल्या होत्या, आणि मी मनाशी धरून चालले होते की कारण एकच असणार. तसं नव्हतं. तिन्हींची कारणं वेगळी निघाली आणि ते शोधण्यात आमचा अख्खा हिवाळा गेला.

पहिली ही, पश्चिमेची. पुण्यात पावसाळी वारा पश्चिमेकडून, नैर्ऋत्येकडून येतो, त्यामुळे पावसाचा मारा सगळा याच भिंतीवर. बाहेरून बघितलं तर खिडकीच्या कोपऱ्यापासून एक तिरकी भेग आणि छज्ज्याच्या मुळाशी पिंपळाचं रोप. तुम्ही दहाव्या मजल्यावर नव्या सोसायटीत राहत असाल तरी पश्चिमेची खोली आधी तपासा, भेग असेल तर तिच्या दोन्ही टोकांना पेन्सिलनं रेघ मारून शेजारी तारीख लिहा आणि दोन-तीन महिने लक्ष ठेवा. रेघेच्या पुढे गेली तर घरी काही करू नका, स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. आमची जागेवरच थांबलेली होती. मग ती इंग्रजी व्ही अक्षरासारखी खरवडून मोकळी केली, धूळ काढली आणि क्रॅक फिलर दाबून भरला. वरवर पुट्टी फासली असती तर पहिल्या पावसात ती परत दिसली असती. पिंपळ मात्र नुसता उपटून चालत नाही, मूळ भिंतीत राहतं आणि परत फुटतं, गवंड्यानं तिथला गिलावा फोडून मुळासकट काढला.

दुसरी भिंत बाथरूमच्या पाठीची. इथे ओल उन्हाळ्यातही जात नव्हती, म्हणजे पाऊस नाही हे कळत होतं. मग रात्री झोपताना बाथरूमच्या लाईनचा व्हॉल्व्ह बंद करायला लागलो, चार दिवस केलं, ओल तशीच. म्हणजे पाइप ठीक. नंतर दोन दिवस आम्ही वरच्या काकूंकडे, म्हणजे घरमालकीणबाईंकडे, अंघोळीला गेलो आणि आमचं बाथरूम कोरडं ठेवलं, तेव्हा कडा वाळायला लागल्या. पाणी जात होतं फरशीच्या सांध्यांतून आणि नहाणी ट्रॅपच्या, म्हणजे फरशीतल्या पाणी जायच्या भोकाच्या, भोवतीनं. सांध्यातलं जुनं सिमेंट टोकदार पत्र्यानं कोरून काढलं, पूर्ण वाळू दिलं, मग एपॉक्सी ग्राउट भरलं. हे काम आई आणि मी दोघींनी दोन रविवारी केलं, कुणालाही जमेल असं आहे, फक्त ग्राउट लगेच घट्ट होतं म्हणून थोडं थोडंच कालवा आणि ओल्या फडक्यानं कडेचं तेव्हाच्या तेव्हा पुसा.

बाथरूमच्या भिंतीवर काळी बुरशी असेल तर पातळ केलेल्या ब्लीचनं पुसतात, हातमोजे घालून, खिडकी उघडी ठेवून. आणि हे कृपा करून लक्षात ठेवा, ब्लीच आणि संडास धुवायचं ॲसिड कधीही एकत्र करू नका, त्यातून क्लोरीन वायू निघतो, बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेततो.

(जोत्याजवळची भिंत. तळाशी पांढरट क्षारांची रेघ.)

आता तिसरी. हिच्यावर माझा सगळ्यात जास्त जीव आहे. हे वाड्याचं दगडी जोतं, वर विटा. जुन्या भिंतीत जमिनीतली ओल अडवणारा थर नसतो, दिव्याच्या वातीत तेल चढतं तसं पाणी विटांतून वर चढतं, साधारण तीन फुटांपर्यंत. सोबत जमिनीतले क्षार येतात, पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात आणि गिलावा पोखरतात. लोणा लागला म्हणतात तो हाच.

आणि इथे कुणीतरी मागे कधीतरी, चांगल्याच हेतूनं, खालच्या तीन फुटांना सिमेंटचा गिलावा करून वर ऑइल पेंट दिला होता. सिमेंटमधून वाफ सहज बाहेर पडत नाही. मग खाली कोंडलेलं पाणी आणखी वर चढलं, आणि ओल तीन फुटांवरून पाच फुटांवर गेली. पीव्हीसी पॅनल लावून किंवा वॉलपेपर चिकटवून जे होतं तेही हेच, दिसत नाही इतकंच, पाठीमागे बुरशी वाढत राहते. ओल्या भिंतीवर वॉलपेपर लावू नका, कुणी कितीही सोपा म्हणून विकला तरी.

वाड्यांचा मूळ गिलावा चुन्याचा. विश्रामबागवाड्यासारख्या पेशवाईतल्या इमारती ज्या काळातल्या, त्या काळात सिमेंट नव्हतंच. किल्ल्यावर गेलात की दगडी गोल चर दिसतो, चुन्याचा घाणा, त्यात बैल जुंपून चुना मळायचे, गूळ, बेलफळ असं काय काय घालून. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून घेत हळूहळू घट्ट होतो, पण त्यातून वाफ आरपार जात राहते. भिंत भिजते आणि वाळते, भिजते आणि वाळते. ही गोष्ट मला कळली तेव्हा खरंच वाईट वाटलं, की इतकी वर्षं आपण या भिंतीला वाळूच दिलं नाही.

काकूंशी बोललो. भाड्याचं घर आहे, त्यामुळे हे आधी. आमचा ११ महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार आहे, महाराष्ट्रात तो लेखी आणि रजिस्टर असावाच लागतो आणि रजिस्टर करायची जबाबदारी मालकाची असते, १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यात आहे ते. पण करारात भिंतीचं काही नसतं. आम्ही घरात आलो त्या दिवशीचे सगळे फोटो मी काकूंना व्हॉट्सॲपवर पाठवलेले होते, ते कामी आले. "काकू, गिलाव्याचं तुम्ही बघाल का, रंगाचं आम्ही बघतो," असं म्हटलं. त्या खाली आल्या, भिंतीवर हात ठेवला, म्हणाल्या, "अगं, माझ्या सासूबाई दर वर्षी इथे चुना द्यायच्या. आम्हीच बंद केलं." आणि हो म्हणाल्या. जे ठरलं ते मी लगेच मेसेजमध्ये लिहून पाठवलं, त्यांचं उत्तर जपून ठेवलंय. डिपॉझिटच्या वेळी वाद नको, आणि नातंही नीट राहतं.

मार्चमध्ये काम काढलं. खालचा सिमेंटचा गिलावा, ओल जिथपर्यंत होती त्याच्या वर अजून फूटभर, सगळा फोडून विटा उघड्या केल्या. क्षार कोरड्या काथ्याच्या ब्रशनं झाडून कागदावर गोळा करून टाकले. धुवायचं नाही, पाण्यात विरघळून ते परत विटेत शिरतात. मग आम्ही काहीच केलं नाही. पूर्ण दीड महिना. पंखा चालू, खिडक्या उघड्या, विटा उघड्या, आणि बाहेर पुण्याचं मार्च-एप्रिलचं कोरडं ऊन. घरात धूळ होती, आईला त्रास झाला, मला रोज वाटायचं आता लावूया काहीतरी, पण गवंडीमामा म्हणाले, "ताई, घाई केलीत तर मी जातो." थांबलो.

एप्रिलच्या शेवटी चुन्याचा गिलावा, जाणत्या माणसाकडून. चुनकळी, म्हणजे भाजलेल्या चुन्याचे खडे, घरी पाण्यात विरवायच्या भानगडीत पडू नका, पाणी लागलं की ती उकळते, उडालेला थेंब डोळ्यात गेला तर डोळा जातो. विरवलेला चुना मिळतो तो घ्या, चष्मा आणि हातमोजे तरीही घाला. गिलाव्यावर ताकासारखा पातळ चुना, भिंत आधी जराशी ओलसर करून, तीन-चार हात. पहिला हात दिल्यावर काहीच दिसत नाही, पारदर्शक वाटतो, घाबरू नका, वाळला की पांढरा होतो.

बाकीच्या भिंतींना नेहमीचं. मेमध्ये, भिंत वाळल्यावर, पॉलिश पेपर, पुट्टीचे दोन पातळ हात, प्राइमर, इमल्शनचे दोन हात. तुमच्याकडे नवा सिमेंटचा गिलावा झाला असेल तर रंगाआधी किमान २८ दिवस जाऊ द्या. रंग किती लागेल ते दुकानात जायच्या आधी काढा. आमची खोली १० बाय १२, उंची ९ फूट, चारी भिंतींची लांबी ४४, गुणिले ९ म्हणजे ३९६ चौरस फूट, दार-खिडकीचे ३७ वजा, उरले ३५९. दोन हातांना लिटरला साधारण शंभर-सव्वाशे चौरस फूट धरा, ४ लिटरचा एक डबा पुरतो. आम्हाला आधी १० लिटर सांगितले होते.

जुनी दारं घासताना एक काळजी. जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसं असू शकतं, भारतात घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची, म्हणजे दहा लाखांत नव्वद भागांची, मर्यादा २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाली, त्याआधीच्या रंगाची खात्री नाही. कोरडं घासू नका, पाणी लावून घासा, मास्क लावा, लहान मुलं आणि गरोदर बाई घरात असेल तर त्या दिवशी त्यांना दुसरीकडे पाठवा.

(कोनाडा, शेल्फ, खिडकी.)

आता सजावट. खरं सांगू, भिंत बरी झाल्यावर फार काही करावंसंच वाटलं नाही. हे शेल्फ जुन्या दाराच्या फळीचं, जुन्या बाजारात रविवारी मिळाली, घासून नुसतं तेल लावलंय. ब्रॅकेट आणि स्क्रूसाठी भोकात बसवायच्या प्लास्टिकच्या गिट्ट्या बोहरी आळीतून. भोक पाडताना स्विचबोर्डच्या सरळ वर-खाली आणि आडव्या रेषेत ड्रिल लावू नका, वायर तिथूनच गेलेली असते, आणि आधी मेन बंद करा, ड्रिल बॅटरीवरचं हवं. चुन्याच्या भागात एकही भोक नाही. चिकटवायचे हुक चुन्यावर, डिस्टेंपरवर टिकत नाहीत, पडताना रंगाचा तुकडा घेऊन पडतात, म्हणून खिडकीच्या चौकटीतच बसणारा स्प्रिंगचा रॉड लावला आणि त्यावर आईच्या जुन्या नऊवारीचा पडदा. तांबट आळीतून आणलेला एक छोटा मठारलेला तांब्या कोनाड्यात. पिवळा रंग आईनं परत तोच घेतला.

जमिनीतलं पाणी आम्ही थांबवलेलं नाही. ते चढणारच, दर पावसाळ्यात. हे बघा, जोत्याच्या अगदी वर, बोटभर रुंदीची पांढरी रेघ, या वर्षीचे क्षार, पण ते बाहेर आलेत, आत कोंडलेले नाहीत. दिवाळी झाली की ते झाडायचे आणि उन्हाळ्यात चुन्याचा एक हात द्यायचा, असं ठरलंय. काकूंनी काल त्यांच्या माळ्यावरून सासूबाईंचा कुंचला काढून दिला, मुठीपाशी झिजून गुळगुळीत झालेला, तो आईनं दाराच्या मागे खिळ्याला टांगून ठेवलाय.