बॉक्स हँग झालाय की गप्प केलाय?

(दृश्य: रिमोटवर अंगठा. पडदा काळाच.)

रिमोट दाबला, काही नाही. पुन्हा दाबला, या वेळी जोरात. जोराचा उपयोग नसतो हे माहीत असूनही आपण सगळेच हे करतो. मग शिव्या खातो तो केबलचा सेट-टॉप बॉक्स. बरेचदा उगीचच.

चॅनेल बदलायला थोडा वेळ लागणारच. ट्यूनर नवी फ्रिक्वेन्सी पकडतो. ८ मेगाहर्ट्झच्या एका पट्ट्यात अनेक चॅनेल एकत्र येत असतात. त्यातलं हवं ते कुठलं, हे सांगणारा तक्ता बॉक्स वाचतो, ते बघायची परवानगी आहे का हे तपासतो. एवढं करूनही थांबतो. कारण बहुतेक फ्रेममध्ये आधीच्या चित्रात काय बदललं तेवढंच असतं. पुढचं पूर्ण चित्र येईपर्यंत दाखवणार काय?

हे झालं येणाऱ्या सिग्नलचं. खरी डोकेदुखी परतीच्या वाटेवर आहे.

दुतर्फा नेटवर्कवर बॉक्सला हेडएंडशी, म्हणजे चॅनेल जिथून निघतात त्या केबल कंपनीच्या केंद्राशी, बोलावंही लागतं. त्यासाठी तळाचा अरुंद पट्टा ठेवलेला असतो: जुन्या पद्धतीत ५ ते ४२ मेगाहर्ट्झ, काही देशांत ६५ पर्यंत. शॉर्टवेव्ह रेडिओ याच भागात, मोटारींच्या ठिणग्यांची खरखरही इथेच. हेडएंडकडून जाताना सिग्नल घराघरांत वाटला जातो. परतताना मात्र शेकडो घरांची खरखर एकाच नोडवर, म्हणजे वस्तीतल्या केबल जिथे एकत्र येतात तिथे, गोळा होते.

(दृश्य: कनेक्टर, अगदी जवळून.)

हा कनेक्टर बघा. हाताने पिळून बसवलेला, पाना लावलेलाच नाही. आतल्या तांब्यावर हिरवट थर, बाहेरची जाळी अर्धवट तुटलेली. या घरातला टीव्ही कदाचित व्यवस्थित चालत असेल. पण या फटीतून आत शिरणारा गोंगाट अख्ख्या वस्तीतल्या बॉक्सचा आवाज दाबतो.

मग हेडएंड बॉक्सला सांगतो, मोठ्याने बोल. बॉक्स पातळी वाढवत जातो, पण त्यालाही मर्यादा आहे. त्यात घरात स्प्लिटरवर स्प्लिटर. एक टू-वे स्प्लिटर, म्हणजे एका केबलच्या दोन वाटा करणारा, सुमारे ३.५ डेसिबल खातो, जातानाही आणि येतानाही. असे तीन एकामागे एक लावले, तर दहावा हिस्साही उरत नाही.

(दृश्य: हेडएंडमधला संगणक, बॉक्सची यादी.)

हेडएंड ठरावीक वेळाने प्रत्येक बॉक्सला हाक मारतो. ओ न देणाऱ्यांची यादी नकाशावर मांडली की निम्मं निदान तिथेच होतं. विखुरलेले असतील तर ज्याच्या त्याच्या घरात बघायचं. कोणी प्लगच काढलेला असतो. सगळे लाइनवरच्या एकाच अँप्लिफायरच्या (सिग्नल वाढवणाऱ्या यंत्राच्या) पुढचे असतील तर थेट लाइनवर जायचं. बॉक्स बदलत बसणं हा सगळ्यात महागडा आणि सगळ्यात लोकप्रिय उपाय.

राहिली वीज. गेलेली वीज परत येते तेव्हा हजारो बॉक्स एकदम जागे होतात आणि एकदम हाका मारू लागतात. कोणाचंच धड ऐकू जात नाही. म्हणून सॉफ्टवेअर नीट लिहिलेलं असेल, तर प्रत्येक बॉक्स मनाला येईल तेवढा वेळ थांबून बोलतो, आणि उत्तर नाही आलं तर पुढच्या वेळी आणखी थांबतो. तशी सोय नसेल, तर घरात दिवे लागतात, टीव्ही लागत नाही आणि तक्रारींचे फोन सुरू होतात.