तिरीप

(दृश्य: धारावीतला बोळ, सकाळ. डोक्यावर वायरींचं जाळं.)

ऊन इथे उतरतं ते एवढंच. अर्ध्या तासात निघूनही जातं.

(दृश्य: खोली. दारातून आत आलेली तिरीप, पोळ्या लाटणारे हात.)

दहा फूट लांब, दहा फूट रुंद. वर पोटमाळा. खिडकी नाही, दार आहे. माणसं सहा.

तिरिपेतली धूळ बघा. तरंगते आहे, खाली बसत नाही. आजोबा खोकतात, आई बोलते, पोरगा मोठ्याने पाढे म्हणतो, तेव्हा तोंडातून निघणारे बारीक कण असेच तरंगतात. जाड केसाएवढा, १०० मायक्रॉनचा थेंब पाच सेकंदांत जमिनीवर येतो. पाच मायक्रॉनच्या कणाला, हवा थांबलेली असेल तर, अर्धा तास लागतो. एक मायक्रॉनच्या कणाला बारा तास. विषाणू या कणांवरच बसून फिरतात.

(दृश्य: फिरणारा पंखा.)

पंखा आहे की, असं सगळे म्हणतात. पण पंखा तीच हवा घुसळतो, बाहेर काढत नाही.

(दृश्य: रात्र. अंथरुणं.)

अंथरुणं तीन. फ्लूचा माणूस ताप यायच्या आदल्या दिवसापासूनच दुसऱ्याला आजार देऊ शकतो, कोरोनाचा दोन दिवस आधीपासून. ‘आज तू वेगळा झोप’ असं घरात कोणी म्हणेपर्यंत वेळ गेलेली असते. आणि वेगळं म्हणजे कुठे? पोटमाळ्यावर? हवा तीच.

(दृश्य: शाळेचा व्हरांडा, रिकामे बाक.)

१ एप्रिल २०२० ला धारावीत कोरोनाचा पहिला रुग्ण सापडला. घरात विलगीकरण होणं शक्यच नव्हतं, म्हणून महापालिकेने माणसांना घराबाहेर काढून शाळांमध्ये, मंगल कार्यालयांत ठेवलं. तेव्हाचं चित्रीकरण आमच्याकडे नाही. ही शाळा आजची आहे.

(दृश्य: भिंतीवर हार घातलेला फोटो.)

या घरात तेव्हा चौघे आजारी पडले. तिघे बरे झाले.

(दृश्य: बोळ, वर दिसणारी आभाळाची पट्टी.)

पुनर्विकासात पात्र कुटुंबाला ३५० चौरस फुटांचं घर मिळणार, हा आकडा इथल्या पोरांनाही पाठ आहे. खिडक्या किती, समोरासमोर की एकाच भिंतीला, दोन इमारतींत अंतर किती, हे विचारणारे फार थोडे. आम्ही विचारतोय.

(दृश्य: दारात खुर्ची, आजोबा.)

आजोबा दिवसभर दारातच बसतात. येणाऱ्या-जाणाऱ्याला अडचण होते, सून रोज सांगते. ते हलत नाहीत. वारा तिथेच लागतो.