पायी, सायकलवर आणि मधल्या चौकात

शनिवारवाड्यापासून मंडईपर्यंत चालत जायला पंधरा-वीस मिनिटे पुरतात. पेठांमध्ये घर, दुकान, शाळा आणि देऊळ हाकेच्या अंतरावर असल्याने पायी जाणे ही इथली रीतच होती, आणि पुण्याला सायकलींचे शहर म्हणत. पुढे वस्ती कोथरूड, हडपसर, वाघोलीकडे सरकली, कामाची ठिकाणे हिंजवडीपर्यंत गेली आणि सायकलची जागा दुचाकीने घेतली.

तरीही सारा दोष अंतराला देता येत नाही, कारण कोपऱ्यावरून कोथिंबीर आणायलाही आज गाडी काढली जाते. रस्त्यांचे तांत्रिक निकष ठरवणाऱ्या भारतीय रस्ते काँग्रेस या संस्थेच्या २०१२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार पदपथावर किमान १.८ मीटर मोकळी वाट हवी आणि त्याची उंची १५ सेंटीमीटरपेक्षा जास्त नसावी. प्रत्यक्षात विजेच्या पेट्या (डीपी), पथाऱ्या आणि उभ्या केलेल्या गाड्या ही वाट अडवतात, तर प्रत्येक सोसायटीच्या फाटकापाशी पदपथ तुटतो. गुडघे दुखणाऱ्या माणसाला सतत चढउतार करावा लागला, की तो रिक्षाला हात करतो.

जंगली महाराज रस्त्यावर रुंद पदपथ आणि बसायला बाके आली, तसे लोक तिथे निवांत चालू लागले. परंतु हा रस्ता एकेरी आहे, वाहने वेगाने येतात, आणि तो ओलांडताना धडधाकट माणूसही थबकतो. आमच्या मते चालणाऱ्याची खरी परीक्षा पदपथापेक्षा रस्ता ओलांडतानाच होते.

सायकलची अडचणही चौकातच आहे. महापालिकेने २०१७ मध्ये सायकल आराखडा मंजूर केला आणि त्याच वर्षअखेरीस भाड्याच्या सायकलीही शहरात आल्या, पण त्या फार काळ टिकल्या नाहीत. सायकल मार्ग बहुधा चौकाअलीकडे संपतो, म्हणजे वळणाऱ्या वाहनांचा धोका जिथे सर्वाधिक, नेमक्या तिथेच सायकलस्वार उघडा पडतो. उन्हाळा आणि पाऊस यांची सबब त्या मानाने किरकोळ आहे.

स्त्रियांचा हिशेब निराळा असतो. मुलाला शाळेत सोडून, भाजी घेऊन, पुढे कामावर जाणाऱ्या बाईला एका फेरीत अनेक थांबे घ्यावे लागतात, आणि परतताना अंधारलेली गल्ली टाळण्यासाठी लांबचा रस्ता धरावा लागतो.

शिवाय परवडत नाही म्हणून सायकल चालवणारे सुरक्षारक्षक आणि बांधकाम मजूर आहेतच. त्यांचे रस्ते उपनगरांच्या कडेने जातात, तेव्हा दिवे आणि सलग सायकल मार्ग यांची सुरुवात तिथूनच व्हायला हवी.