डोंगरीचं कापड

[दृश्य: सँडहर्स्ट रोड स्टेशन, डोंगरीतल्या गल्ल्या]

ही मुंबईची डोंगरी. टिळक-आगरकरांनी १८८२ साली १०१ दिवस तुरुंगवास काढला, तो इथेच. इंग्रजीत जाड सुती कापडाला ‘डंगरी’ म्हणतात, त्या शब्दाचं मूळही इथलंच. मोल्सवर्थच्या मराठी कोशात ते नोंदलेलं आहे: डोंगरी किल्ल्यालगतच्या वस्तीत विकलं जाणारं साधं देशी कापड म्हणजे ‘डोंगरी कापड’. पुढे कुठल्याही स्वस्त, जाड्याभरड्या सुती कापडाला तेच नाव पडलं.

[दृश्य: हातमाग, फणी जवळून]

स्वस्त, पण कच्चं नव्हे. या कापडात उभे आणि आडवे धागे एकेरी नसतात, दोन किंवा जास्त धागे जोडीने चालतात. जोडीतले दोन्ही सारखेच ताणलेले हवेत. एक सैल राहिला की त्याचा फास वर येतो, आडवा धागा वाहून नेणारा धोटा त्यात अडकतो आणि धागा तुटतो. सुताला लावतात त्या खळीचंही तसंच. कमी पडली तर सुताचे तंतू एकमेकांत गुंततात, जास्त झाली तर सूत कडक होऊन फणीत मोडतं. यातल्या जाड कापडाची गलबतांना शिडं होत, तंबू होत. बारीक कापड गरिबांच्या अंगावर जाई.

[दृश्य: निळीचा रांजण, लडी बाहेर येताना]

आता रंग बघा. वर निळा फेस आणि तांबूस साय, खाली हिरवट-पिवळं पाणी: रांजण तयार झाल्याची ही खूण. सुताची ओली लडी हलकेच आत सोडायची. हवेचे बुडबुडे आत गेले की रांजणाची रंगवण्याची ताकद मंदावते. लडी बाहेर येते ती पिवळट-हिरवी, आणि वाऱ्यावर आपल्या डोळ्यांदेखत निळी होते. पिळायची, वाळवायची, पुन्हा बुडवायची. गडद रंगाला असे अनेक हात लागतात. घाई करून एकाच दाट रांजणात काम उरकलं, तर नीळ वरवर बसते आणि हाताला लागते. डेनिममध्ये उभा धागा निळा, आडवा पांढरा. निळ्या डंगरीत रिवाजाने दोन्ही निळे.

[दृश्य: जुना नकाशा, जहाजांची चित्रं]

१६१३ साली इंग्रज कॅप्टन सॅरिसने मसाल्याच्या बेटांवर लवंगांच्या बदल्यात दिलेल्या कापडांत हे नाव नोंदवलं. मुंबई तेव्हा पोर्तुगीजांकडे होती. पुढे खलाशांच्या निळ्या विजारींना इंग्रजीत ‘डंगरीज’ म्हणू लागले. लँकेशायरच्या गिरणी कापडापुढे इथले हातमाग मात्र टिकले नाहीत.

[दृश्य: वर्कशॉप, फिटर कामावर]

वर्कशॉपात फिटर अंगात चढवतो, ती ‘डांगरी’ही याच शब्दाची.